केबल जिथे संपते

सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या पेटीतून बाहेर काढला की त्याचे सर्किट बोर्ड उघडे दिसते. चपटी केबल ज्या कडेला बसते, तिथून बोटभर अंतरावर या बोर्डावर एक लहान सॉकेट असते आणि त्यात आयसीसारखा दिसणारा एक काळा किंवा निळा तुकडा खोचलेला असतो. त्याच्या पोटात एकही ट्रान्झिस्टर नसतो. असतात ते फक्त सात-आठ रिझिस्टर, बहुतेक वेळा प्रत्येकी १५० ओहमचे. याला टर्मिनेटर म्हणतात. तो काढून ठेवला तर ड्राइव्ह चालू होतो, मोटर फिरते, दिवा लागतो, आणि तरीही फ्लॉपी कधी वाचली जाते, कधी जात नाही. सगळे यंत्र धडधाकट असताना एवढ्याशा तुकड्यावाचून काम का अडते, याचे उत्तर ड्राइव्हमध्ये सापडत नाही. ते केबलमध्ये आहे.

विजेचा संकेत तारेच्या एका टोकाला दिला की तो दुसऱ्या टोकाला तत्क्षणी पोचतो, असे रोजच्या व्यवहारात वाटते. प्रत्यक्षात त्याला वेळ लागतो. रिबन केबलमधून, म्हणजे शेजारीशेजारी चिकटवलेल्या तारांच्या पट्टीतून, एक मीटर जायला त्याला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. या प्रवासात पलीकडच्या टोकाला काय जोडलेले आहे, हे संकेताला कळण्याचा मार्ग नसतो. त्याला जाणवते ती तारांची जाडी, सिग्नलची तार आणि तिच्या शेजारची जमिनीची तार यांतले अंतर, आणि मधले प्लास्टिक. या तिन्हींवरून केबल त्याला जो विरोध करते, त्याला तिचा संरोध म्हणतात. नेहमीच्या रिबन केबलचा संरोध १०० ओहमच्या आसपास असतो आणि केबल हातभर असो वा दहा मीटर, तो तेवढाच राहतो.

टोकाशी पोचल्यावर काय होते, ते पाण्याच्या लाटेवरून समजते. वाराणसीचा अमृतराव घाट राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांच्या नावाचा. आज तो राजा घाट म्हणून ओळखला जातो. काशीच्या या काठावर दगडी बांधकाम थेट पाण्याला भिडलेले आहे, तर गंगेचा पलीकडचा काठ म्हणजे सपाट रेती. नदीतून नाव गेली की तिच्या मागे उठलेली लाट दोन्ही काठांकडे जाते. घाटाच्या उभ्या भिंतीशी ती क्षणभर आपल्या मूळ उंचीपेक्षा वर चढते आणि तशीच उलटी फिरते. परतताना समोरून येणाऱ्या लाटेत मिसळून पाणी अस्वस्थ करते. पलीकडच्या रेतीवर तीच लाट चढते, पसरते आणि जिरून जाते. तिथून परत फारसे काही येत नाही.

केबलचे मोकळे टोक म्हणजे घाटाची भिंत. तिथे व्होल्टेज क्षणभर दुप्पट होते आणि संपूर्ण संकेत उलटा परततो. टोकाला केबलच्या संरोधाइतकाच रिझिस्टर जोडला, तर संकेताची सगळी ऊर्जा त्यात उष्णता होऊन जिरते. ही झाली रेती. मधल्या किमतींचे गणितही सोपे आहे. टोकाचा रोध आणि केबलचा संरोध यांची वजाबाकी करून तिला दोघांच्या बेरजेने भागले की परत फिरणारा हिस्सा मिळतो. १०० ओहमच्या केबलला १५० ओहमचा टर्मिनेटर लावला तर ५० भागिले २५०, म्हणजे पाचवा हिस्सा परततो. १,००० ओहमचा लावला तर ९०० भागिले १,१००, म्हणजे शंभरातले जवळजवळ ८२ परत येतात.

इथे एक रास्त शंका येते. फ्लॉपीचा वेग तो काय? दुहेरी घनतेच्या फ्लॉपीवरून सेकंदाला अडीच लाख बिट वाचले जातात, म्हणजे एका बिटाला ४,००० नॅनोसेकंदांची ऐसपैस जागा मिळते. एक मीटर केबलमधला प्रतिध्वनी १० नॅनोसेकंदांत जाऊन येतो. एवढ्या निवांत कारभारात त्याचा उपद्रव कसा होईल? याचे कारण असे, की बिट कितीही सावकाश येत असले तरी प्रत्येक बिटाची कड तीव्र असते. त्या काळच्या टीटीएल जातीच्या आयसी शून्यातून एकावर आणि एकातून शून्यावर काही नॅनोसेकंदांत उडी मारतात. उडीला लागणारा वेळ प्रतिध्वनीच्या जाण्यायेण्याच्या वेळेपेक्षा कमी असला की परतलेली लाट मूळ संकेतावर वेगळी चढून दिसते आणि व्होल्टेज दोन-तीनदा वरखाली हिंदकळते. टीटीएलच्या लेखी ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक. हिंदकळणारे व्होल्टेज या दोन रेषा पुन्हा ओलांडून गेले तर पलीकडच्या आयसीला एकाऐवजी दोन ठोके ऐकू येतात.

डेटाच्या तारेवर एखादा जादा ठोका आला तर तेवढा सेक्टर चुकतो आणि पुन्हा वाचता येतो. पण फ्लॉपीच्या केबलमध्ये २० क्रमांकाची तार आहे, तिचे काम फ्लॉपी वाचणारे हेड एक-एक पाऊल सरकवण्याचे. तिच्यावर आलेला प्रत्येक ठोका म्हणजे हेडचे एक पाऊल, आणि सव्वापाच इंची ४० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये हे पाऊल सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे असते. एका ठोक्याचे दोन झाले की हेड शेजारच्या ट्रॅकवर जाऊन बसते. वाचताना ड्राइव्हला हुकूम देणाऱ्या कंट्रोलर कार्डाला ट्रॅकचा क्रमांक जुळत नाही, मग तो हेडला खटखट करत शून्य क्रमांकाच्या ट्रॅकपर्यंत मागे नेतो आणि पुन्हा मोजायला लागतो. जुन्या ड्राइव्हचा हा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी पुष्कळदा दोष फ्लॉपीला दिला असेल. ड्राइव्हच्या रचनाकारांना या धोक्याची जाणीव होती, म्हणूनच केबलकडून येणारे संकेत घ्यायला ते ७४१४ सारखी आयसी वापरत. व्होल्टेज चढताना तिची रेषा वर असते आणि उतरताना खाली, त्यामुळे थोडे हिंदकळणे ती मनावर घेत नाही. पण थोडेच.

आता १५० हा आकडा. केबल १०० ओहमची, तर टर्मिनेटर १०० चा का नाही? इथे दुसरी गरज आड येते. शुगार्ट असोशिएट्स या अमेरिकी कंपनीने १९७६ मध्ये एसए४०० हा पहिला सव्वापाच इंची ड्राइव्ह बाजारात आणला आणि त्याची ३४ तारांची जोडणी पुढे सगळ्यांनी उचलली. या जोडणीत संकेत देणारी आयसी तार फक्त खाली, शून्याकडे, ओढू शकते. वर ढकलू शकत नाही. एकाच तारेवर अनेक ड्राइव्ह बसवायचे तर ही सोय हवी, कारण एकजण वर ढकलतो आहे आणि दुसरा खाली ओढतो आहे, असे झाले तर दोघांची आयसी जळेल. मग तार पुन्हा वर कोण नेणार? तोच टर्मिनेटर. त्याचे दुसरे टोक ५ व्होल्टला जोडलेले असते. आयसीने तार सोडली की तो तिला वर खेचतो. अर्थात आयसी तार खाली धरून ठेवते, तेव्हा टर्मिनेटरमधून येणारा सगळा प्रवाह तिला गिळावा लागतो. ५ व्होल्ट भागिले १५० ओहम, म्हणजे ३३ मिलिअँप. या कामासाठी सर्रास वापरली जाणारी ७४३८ आयसी ४८ मिलिअँप गिळू शकते. १०० ओहम लावले असते तर ५० मिलिअँप झाले असते, तिच्या हद्दीच्या पलीकडे. १५० ही लाट आणि आयसी या दोघांनाही परवडणारी तडजोड आहे.

हेच गणित पुढे नेले की जुन्या पुस्तिकांतला नियम आपोआप उलगडतो: केबलवर ड्राइव्ह कितीही असोत, टर्मिनेटर एकाच ड्राइव्हवर ठेवावा, आणि तो ड्राइव्ह केबलच्या टोकाला असावा. दोन ड्राइव्हवर टर्मिनेटर राहिले तर ते समांतर जोडले जाऊन ७५ ओहम होतात आणि प्रवाह ६७ मिलिअँपवर जातो. तिघांवर राहिले तर १०० मिलिअँप. आयसी तार पुरेशी खाली आणू शकत नाही, तापते, आणि काही दिवसांनी निकामी होते. दुरुस्तीत ७४३८ च्या जागी कमी वीज खाणारी ७४एलएस३८ बसवली तर एकाच टर्मिनेटरवरही गडबड होते, कारण तिची मर्यादा २४ मिलिअँपच आहे. दोन्ही आयसींचे पाय सारखे असल्याने ही चूक सहज होते.

टर्मिनेटर टोकाच्याच ड्राइव्हवर का, मधल्यावर का नाही, हेही लाटेवरूनच स्पष्ट आहे. मधे रेती टाकली आणि पुढे भिंत तशीच ठेवली तर भिंतीवरून लाट परतणारच. मात्र या नियमाला एक बाजू आहे, ती बहुतेक पुस्तिकांत सांगितलेली नसते. फ्लॉपीच्या केबलमधले सगळे संकेत एकाच दिशेने जात नाहीत. हेड सरकवणे, मोटर चालू करणे, लिहिण्याचा डेटा हे कंट्रोलरकडून ड्राइव्हकडे जातात. वाचलेला डेटा, फ्लॉपीचा एक फेरा पूर्ण झाल्याची खूण, हेड शून्य ट्रॅकवर असल्याची खूण हे ड्राइव्हकडून कंट्रोलरकडे येतात. त्यांचे टोक कंट्रोलर हे आहे, म्हणून त्यांचे १५० ओहमचे रिझिस्टर कंट्रोलरच्या कार्डावरच कायमचे बसवलेले असतात. टर्मिनेटरची जागा बोलणाऱ्यावर नव्हे, ऐकणाऱ्यावर ठरते. पुढच्या प्रत्येक जोडणीत हेच सूत्र पुन्हापुन्हा भेटते.

टर्मिनेटरला लागणारे ५ व्होल्ट तो ज्या ड्राइव्हवर आहे त्याच ड्राइव्हकडून मिळतात. म्हणून टोकाचा ड्राइव्ह वेगळ्या पेटीत असेल आणि त्या पेटीचे बटण बंद असेल, तर तारा वर खेचणारा कोणी उरत नाही. उलट तेच रिझिस्टर त्यांना खाली ओढू लागतात. आतला, चालू असलेला ड्राइव्हही मग काम करेनासा होतो.

केबलच्या ३४ तारांपैकी विषम क्रमांकाच्या सगळ्या १७ तारा जमिनीच्या असतात. ही उधळपट्टी वाटते, पण केबलचा संरोध स्थिर राहतो तो यांच्यामुळेच, आणि एका सिग्नलची लहर शेजारच्या सिग्नलमध्ये झिरपत नाही तीही यांच्यामुळेच. केबलच्या कडेची लाल रेघ पहिल्या तारेची खूण. कनेक्टर उलटा बसला तर सम आणि विषम तारांची अदलाबदल होते, ड्राइव्हचे सगळे सिग्नल जमिनीला टेकतात, आणि या जोडणीत शून्य म्हणजेच ‘चालू’ असल्यामुळे ड्राइव्हचा दिवा लागतो तो विझतच नाही. सतत पेटलेला दिवा हे उलट्या केबलचे हमखास लक्षण आहे.

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी आणला तेव्हा या केबलला एक पीळ दिला. प्रत्येक ड्राइव्हवर त्याचा क्रमांक ठरवणारे जंपर, म्हणजे जागा बदलता येणारे छोटे जोड, असतात. ते दर वेळी बदलण्याची कटकट नको म्हणून आयबीएमने सगळ्या ड्राइव्हचे जंपर दुसऱ्या क्रमांकावर ठेवले आणि दोन कनेक्टरांच्या मधे १० ते १६ या सात तारांची पट्टी उलटी फिरवली. पिळाच्या पुढचा, टोकाचा ड्राइव्ह त्यामुळे ए झाला आणि मधला बी. टोकाचा म्हणून टर्मिनेटर ए वर, बी वरचा काढायचा. पीसीवर एकच ड्राइव्ह असेल तर तो मधल्या नव्हे, टोकाच्या कनेक्टरला लावायचा, याचेही कारण तेच: मोकळी लोंबणारी शेपटी म्हणजे घाटाची भिंत.

साडेतीन इंची ड्राइव्ह आले आणि हा तुकडा दिसेनासा झाला. त्यांत साधारण १,००० ओहमचे रिझिस्टर बोर्डावर कायमचे बसवलेले असतात. एकाचा प्रवाह ५ मिलिअँप, दोघांचा १०, म्हणजे काढण्या-घालण्याची गरज नाही. केबल पेटीतल्या पेटीत, अर्ध्या मीटरच्या आसपास, आणि ड्राइव्ह दोनच असल्यामुळे लाट पूर्ण न जिरताही काम भागते.

हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र इतकी सवलत नव्हती. शुगार्ट असोशिएट्सचे संस्थापक ॲलन शुगार्ट यांनी पुढे काढलेल्या सीगेट कंपनीची एसटी-५०६ ही ५ मेगाबाइटची डिस्क १९८० ची. तिच्यावर डेटा सेकंदाला ५० लाख बिटांच्या वेगाने धावे, फ्लॉपीच्या वीस पट. म्हणून तिला दोन केबली दिल्या गेल्या. हुकूम नेणारी ३४ तारांची केबल फ्लॉपीसारखीच एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाई, आणि डेटाची २० तारांची केबल प्रत्येक डिस्कला स्वतंत्र असे. डेटाच्या केबलवर प्रत्येक संकेत दोन तारांतून उलटसुलट जातो आणि ऐकणारा त्या दोहोंतला फरक मोजतो, त्यामुळे दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट आपोआप वजा होतो. हुकमाच्या केबलच्या टोकाला प्रत्येक तारेसाठी दोन रिझिस्टर असतात: २२० ओहमचा ५ व्होल्टकडे, ३३० ओहमचा जमिनीकडे. लाटेला ही जोडी १३२ ओहमची भासते, म्हणजे केबलच्या संरोधाला १५० पेक्षा जवळची, आणि मोकळी तार ५ ऐवजी ३ व्होल्टवर विसावते. हार्ड डिस्कच्या ३४ तारांच्या केबललाही पीळ असतो, पण तो २५ ते २९ या तारांना. फ्लॉपीची केबल हार्ड डिस्कला लावली तर ती अगदी व्यवस्थित बसते आणि चालत मात्र नाही. केबल वापरण्याआधी पीळ कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

डिस्क, स्कॅनर अशी उपकरणे कॉम्प्युटरला लावणाऱ्या स्कझी या जोडणीचे मूळही शुगार्ट असोशिएट्सकडेच आहे. १९८६ मध्ये ती अमेरिकेची अधिकृत प्रमाण जोडणी झाली. यात एका केबलवर कॉम्प्युटर धरून आठ उपकरणे बसतात आणि कोणीही कोणाशीही बोलू शकते. बोलणारा कुठेही असू शकतो, म्हणजे लाट दोन्ही बाजूंना जाणार. म्हणून स्कझीला दोन टर्मिनेटर लागतात, केबलच्या दोन्ही टोकांना एकेक, मधे एकही नाही. केबल ६ मीटरपर्यंत चालते, आणि केबलपासून उपकरणाच्या आयसीपर्यंतचा फाटा १० सेंटिमीटरहून लांब नको, कारण प्रत्येक फाटा हेही एक लहानसे मोकळे टोकच आहे.

मराठी मुद्रणव्यवसायाला हा टर्मिनेटर ओळखीचा झाला तो मॅकिंटॉशमुळे. १९८६ च्या मॅक प्लसपासून या यंत्राच्या पाठीवर स्कझीचे तोंड असे. डीटीपीची आणि रंगीत छपाईपूर्व कामे करणाऱ्या ठिकाणी बाहेरची हार्ड डिस्क, स्कॅनर आणि सायक्वेस्टचा ४४ मेगाबाइटची कार्ट्रिज घेणारा ड्राइव्ह अशी माळ या तोंडाला लागे. माळेच्या शेवटच्या पेटीवर एक जाडसर ठोकळा खोचलेला असे, केबलचे तोंड बंद करणाऱ्या बुचासारखा. स्कॅनर दुसऱ्या टेबलावर हलवताना पेट्यांचा क्रम बदलला आणि ठोकळा आपल्या पेटीसोबत मधे गेला की डिस्क दिसेनाशी व्हायची. काही पेट्यांच्या आत छुपे टर्मिनेटर असत, तेव्हा बाहेर एकच ठोकळा दिसूनही आत तीन टर्मिनेटर भरत. मॅक प्लस तर टर्मिनेटरला वीजही पुरवत नसे. ती माळेतल्या दुसऱ्या कोणा उपकरणाने द्यावी लागे. पुढे स्कझीचा वेग वाढला तेव्हा २२०-३३० ची जोडी पुरेना. तिच्या जागी प्रत्येक तारेला ११० ओहमचा एक रिझिस्टर आणि त्यामागे २.८५ व्होल्ट स्थिर ठेवणारी आयसी, असा टर्मिनेटर आला. पुरवठ्याचे व्होल्टेज थोडे घसरले तरी तो डगमगत नाही, म्हणून जुन्या स्कझी माळेसाठीही आज तोच घ्यावा.

हार्ड डिस्कसाठी पुढे आलेल्या आयडीई जोडणीने टर्मिनेटर वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतला. ४० तारांची केबल ४६ सेंटिमीटरपेक्षा लांब करायची नाही, एवढाच नियम. वेग वाढल्यावर प्रत्येक तारेशेजारी एक जमिनीची तार घालून ८० तारांची केबल आली; तिचा निळा कनेक्टर मदरबोर्डला, टोकाचा काळा मुख्य डिस्कला, मधला करडा दुसरीला. एकच डिस्क असेल तर ती काळ्या टोकाला, हा नियम इथेही कायम राहिला. त्यानंतरच्या साटा जोडणीत प्रत्येक डिस्कला स्वतःची केबल मिळाली आणि टर्मिनेटर चिपच्या आत गेला.

मग आज हे जाणून घेण्याची गरज कोणाला? ज्यांच्या कपाटात जुन्या फ्लॉपी आहेत त्यांना. १९९० च्या दशकात पुष्कळ मराठी मजकूर पेजमेकरमध्ये, श्री-लिपी किंवा आकृतीच्या फॉन्टमध्ये जुळवला गेला आणि फ्लॉपीवरून छापखान्यात गेला. भारतीय लिप्यांसाठी बनवलेल्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टंकलेल्या फायलीही आहेत. छापील प्रत हरवली असेल तर मजकुराची ती चुंबकीय प्रत एवढीच उरली आहे, आणि चुंबकीय थर कायम टिकत नाही. अशी फ्लॉपी हाताशी घेतल्यावर ती वाचण्याची संधी थोड्याच वेळा मिळते. चुकीच्या केबलमुळे हेड भरकटणे तिथे परवडत नाही.

या कामासाठी आता ग्रीझविझलसारखी यूएसबीला जोडायची छोटी कार्डे मिळतात. ती फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतात. पण अशा कार्डावरच्या मायक्रोकंट्रोलरचा साधा पिन ३३ मिलिअँप गिळण्यासाठी बनवलेला नसतो. साडेतीन इंची ड्राइव्हबरोबर त्याचे जमते, १५० ओहमच्या टर्मिनेटरच्या जुन्या ड्राइव्हबरोबर तो अडखळतो. म्हणून मधे ताकदवान बफर असलेले कार्ड निवडावे.

ड्राइव्हवर टर्मिनेटर आहे का, हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मल्टिमीटरने ठरवणे चांगले. सिग्नलची आणि विजेची, दोन्ही केबली काढाव्यात. मीटरचे एक टोक विजेच्या चार पिनांच्या तोंडातल्या ५ व्होल्टच्या पिनवर, म्हणजे जिथे लाल तार येते तिथे, आणि दुसरे सिग्नलच्या २० क्रमांकाच्या पिनवर टेकवावे. १५० च्या आसपास आकडा आला तर टर्मिनेटर जागेवर आहे. हजाराच्या आसपास आला तर तो नव्या धर्तीचा, न निघणारा आहे. त्याहून बराच जास्त आला तर सॉकेट रिकामे आहे. रिकाम्या सॉकेटसाठी मूळ तुकडा मिळाला नाही तरी अडत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत १५० ओहमचे साधे सुटे रिझिस्टर मिळतात, तपकिरी-हिरवा-तपकिरी पट्ट्यांचे. त्यांचे पाय कापून सॉकेटच्या समोरासमोरच्या छिद्रांत एकेक खोचले की टर्मिनेटर तयार होतो. रिझिस्टर एका ओळीत बसवलेल्या, एकाच रांगेत पाय असलेल्या तुकड्यांत मात्र एका कडेला ठिपका असतो. तो पाय सगळ्यांचा सामाईक, ५ व्होल्टकडे जाणारा. तुकडा उलटा बसला तर तो सामाईक पाय भलत्याच सिग्नलच्या तारेला जोडला जातो, म्हणून वीज देण्याआधी ठिपका बोर्डावरच्या १ या आकड्यासमोर आला आहे ना, ते पाहून घ्यावे लागते.